ट्रेंच गनचा निळा थर

विंचेस्टर कंपनीच्या ‘मॉडेल १८९७’ या बारा बोअरच्या, छऱ्यांच्या बंदुकीची (शॉटगनची) एक लष्करी आवृत्ती आहे. नळी २० इंची, नळीवर भोके पाडलेले पोलादी कवच, कवचाच्या पुढच्या टोकाशी संगीन अडकवण्याची सोय. अमेरिकेत तिला ट्रेंच गन म्हणतात. पहिल्या महायुद्धासाठी ती घडवली गेली, दुसऱ्यातही पुन्हा बनवली गेली, आणि आज संग्राहकांकडे किंवा कुणाच्या आजोबांच्या पेटीत जी उरली आहे ती बहुतेक वेळा दमलेल्या अवस्थेतली असते. नळीवरचा निळा रंग उडून खाली राखाडी-तपकिरी पोलाद दिसते, कवचाच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतात, दस्त्यावर पोचे आणि तेलाचे काळे डाग. मालकाच्या मनात मग एकच विचार येतो: हिला नव्याने फिनिश करून घ्यावी का?

बाजाराचे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. फिनिश बदललेल्या लष्करी बंदुकीला संग्राहक कमी भाव देतात. हे खरे असले तरी त्यावर निर्णय सोपवणे मला पटत नाही. उद्या बाजाराची आवड बदलली तर युक्तिवादही बदलेल. या बंदुकांबद्दल कोणते कागद उरले आहेत आणि कोणते उरलेले नाहीत, तिकडून सुरुवात केली तर जास्त ठोस काही हाती लागते.

सर्वांत गाजलेला कागद १९ सप्टेंबर १९१८चा आहे. त्या दिवशी जर्मन सरकारने स्वित्झर्लंडमार्फत वॉशिंग्टनला निषेध कळवला. अमेरिकन सैन्य शॉटगन वापरते, हे युद्धाच्या नियमांविरुद्ध आहे, आणि अशी बंदूक किंवा तिची काडतुसे ज्याच्याजवळ सापडतील त्या युद्धकैद्याला प्राणाला मुकावे लागेल, असा त्याचा आशय. आधार होता हेग नियमावलीच्या कलम २३ (ई)चा. अनावश्यक यातना देण्याच्या हेतूने बनवलेली शस्त्रे वापरू नयेत, असे ते कलम सांगते. विषारी वायू वापरणाऱ्या सरकारने छऱ्यांवर आक्षेप घ्यावा, हे त्या वेळच्या अमेरिकन वाचकांना चमत्कारिक वाटले असेल तर नवल नाही.

या निषेधामागची हकिगत दोन कैद्यांची आहे. २१ जुलै १९१८ रोजी लोरेनमधल्या बाकारा भागात ७७व्या डिव्हिजनच्या ३०७व्या इन्फंट्रीचा एक सैनिक शॉटगनसह पकडला गेला. ११ सप्टेंबरला व्हिलेर-आँ-ए इथे पाचव्या डिव्हिजनच्या सहाव्या इन्फंट्रीचा दुसरा. अमेरिकेच्या लष्करी विधी विभागाचे तेव्हाचे प्रभारी प्रमुख ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल अॅन्सेल यांनी २६ सप्टेंबरला सविस्तर मत लिहून दिले. दोन दिवसांनी, २८ तारखेला, परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांचे उत्तर गेले: शॉटगनचा वापर कायदेशीर आहे, आणि धमकी एका जरी कैद्यावर अमलात आली तरी अमेरिका आपल्या लोकांच्या रक्षणासाठी प्रतिशोधाची पावले उचलेल. दीड महिन्यात युद्ध संपले. या कारणावरून कुणाला मारल्याची नोंद नाही. हा पत्रव्यवहार परराष्ट्र खात्याच्या छापील दस्तऐवज-मालिकेत आहे, आणि १९९७ साली डब्ल्यू. हेज पार्क्स यांनी ‘द आर्मी लॉयर’ या नियतकालिकात शॉटगनच्या कायदेशीरपणावर लिहिताना त्याची नीट मांडणी केली.

आता हे कागद बंदुकीच्या अंगाने वाचू. दिवस आहे, गाव आहे, पलटण आहे, कलमाचा क्रमांक आहे. बंदुकीचा क्रमांक मात्र कुठेही नाही. त्यामुळे ‘ही फ्रान्समधल्या खंदकात होती’ असे सांगत जी ट्रेंच गन पुढे केली जाते, तिच्या त्या कथेला या पत्रव्यवहारातून काडीचाही आधार मिळत नाही. युद्ध संपण्यापूर्वी विंचेस्टरने सुमारे वीस हजार ट्रेंच गन पुरवल्या, हे खरेदीच्या आकड्यांवरून समजते. त्यांतली अमुक एक बंदूक कुठे गेली, हे त्या आकड्यांना सांगता येत नाही.

मग कारखान्याची वही? इथे नशीब आणखी आखडते. विंचेस्टरच्या जुन्या उत्पादन-नोंदी वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयात आहेत. शुल्क भरले की तिथून क्रमांकानुसार दाखला मिळतो: बंदूक कोणत्या प्रकारची होती, गोदामात कधी आली, बाहेर कधी पडली. जुन्या विंचेस्टर रायफली बाळगणाऱ्यांना या दाखल्याचे फार अप्रूप. पण मॉडेल १८९७च्या उरलेल्या नोंदी सुमारे पावणेचार लाख क्रमांकाला थांबतात, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच. हे मॉडेल पुढे १९५७पर्यंत बनत राहिले आणि एकूण आकडा दहा लाखांच्या वर गेला. दोन्ही महायुद्धांतल्या ट्रेंच गनचे क्रमांक त्या थांब्याच्या कितीतरी पुढचे. ज्यांच्यासाठी वही सर्वांत जास्त हवी होती, नेमक्या त्यांच्याच पानांपाशी वही संपलेली.

तिसरी वाट राष्ट्रीय अभिलेखागाराची. फ्रँकलिन मॅलरी आणि त्यांच्या ‘स्प्रिंगफील्ड रिसर्च सर्व्हिस’ने सरकारी कागदांतून विखुरलेले शस्त्रांचे क्रमांक वेचून याद्या छापल्या. बदलीची पत्रे, हरवल्याचे अहवाल, तपासणीच्या नोंदी, जिथे क्रमांक सापडेल तिथून तो उचलला. काम चिकाटीचे आणि मोलाचे. पण या याद्यांत एखादा क्रमांक नसला तर त्याचा अर्थ काहीच होत नाही, आणि असला तरी तो त्या एका दिवशी त्या एका ठिकाणी बंदूक होती एवढेच सांगतो. शेजारचा क्रमांक यादीत आहे म्हणून आपलीही बंदूक तिथेच होती, असे ठासून सांगणारे विक्रेते आढळतात. तो पुरावा नव्हे. ती इच्छा आहे.

सारांश काय, बहुतेक ट्रेंच गनच्या बाबतीत तिची स्वतंत्र कागदपत्रे नाहीत. उरते ती बंदूक स्वतः: पोलादावरचे शिक्के, लाकडावरचे शिक्के, आणि त्यांच्यावरून किंवा खालून गेलेला फिनिशचा थर. म्हणूनच फिनिशचा प्रश्न सौंदर्यापुरता राहत नाही. तो थर काढणे म्हणजे त्या बंदुकीच्या हयातीचा बहुधा एकमेव उरलेला दस्तऐवज खरवडणे.

तो वाचायचा कसा, यावर जरा थांबायला हवे.

ब्लूइंग म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. जुन्या पद्धतीत पोलादावर आम्लाचे सौम्य द्रावण लावून मुद्दाम गंज चढवत, तो पाण्यात उकळून काळा करत, ब्रशने सैल भुकटी झाडत आणि हे पुन्हा पुन्हा करत. त्यातून येणारा रंग खोल, मखमली आणि फारसा न चमकणारा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस विंचेस्टरने कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या उकळत्या कुंडात भाग बुडवण्याची झटपट पद्धत घेतली. तिचा रंग जास्त काळा. खालचे पोलाद पॉलिश केलेले असेल तर चकचकीत. त्यामुळे १९१८ सालची म्हणून दाखवलेली ट्रेंच गन आरशासारखी काळी चमकत असेल, तर कुणीतरी मध्ये हात घातला आहे हे उघड.

दुसरा थर पार्कराइझिंगचा. मँगनीज किंवा जस्त मिसळलेल्या फॉस्फोरिक आम्लाच्या गरम द्रावणात पोलादावर फॉस्फेटचा खरखरीत लेप बसतो. रंग राखाडी, कधी हिरवट झाक असलेला. तो चमकत नाही, तेल धरून ठेवतो आणि गंजाला ब्लूइंगइतकी लवकर दाद देत नाही. सैन्याला तो आवडण्याची कारणे एवढी सरळ आहेत. आता महत्त्वाची गोष्ट: विंचेस्टरने मॉडेल १८९७च्या ट्रेंच गन दोन्ही युद्धांत निळ्याच दिल्या. तिच्या धाकट्या भावाचे, मॉडेल १२चे, तसे नाही. त्याच्या ट्रेंच गन आधी निळ्या होत्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात कारखान्यातूनच पार्कराइझ होऊन निघू लागल्या. मग राखाडी मॉडेल ९७ समोर आली तर ती बनावट समजायची का?

बहुतेक वेळा नाही. ती बंदूक सैन्याच्याच शस्त्रागारात दुरुस्तीला गेलेली असते. या बंदुकांचे आयुष्य एका युद्धात संपले नव्हते. १९२१ साली टपालावरच्या दरोड्यांना आळा घालायला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या सरकारने मरीन सैनिक टपालगाड्यांवर नेमले; १९२६ साली ते पुन्हा नेमले गेले. त्यांच्या हातांत शॉटगन होत्या. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर त्या गेल्या, नंतर व्हिएतनामपर्यंत पोचल्या. मधल्या काळात जॉर्जियातले ऑगस्टा, न्यू जर्सीतले रॅरिटन, युटातले ऑग्डन अशा शस्त्रागारांत जुने शस्त्र उघडायचे, मोडलेले भाग बदलायचे, पृष्ठभाग वाळूच्या फवाऱ्याने साफ करून पार्कराइझ करायचा आणि शिक्का मारून परत पाठवायचे, असे चालले. ऑगस्टाचा शिक्का ‘एए’, रॅरिटनचा ‘आरए’ आणि त्यापुढे तपासनिसाचे आद्याक्षर. वापरातल्या पितळेच्या पातेल्याला वेळोवेळी कल्हई लावावी तसे हे होते. त्यात पातेल्याचे जुनेपण बुडाले असे कुणी म्हणत नाही, कारण कल्हई हा त्याच्या वापराचाच भाग.

म्हणजे ‘मूळ फिनिश’ हा शब्दप्रयोग जपून वापरायला हवा. ऑगस्टात राखाडी झालेली बंदूक ‘मूळ’ निळी करून आणणारा माणूस कारखान्याचा एक दिवस परत मिळवू पाहतो आणि सैन्यातला एक अख्खा टप्पा पुसून टाकतो. माझ्या मते हा सर्वांत वाईट निर्णय, आणि गंमत अशी की तो सहसा सर्वांत जास्त प्रेम करणाऱ्या माणसाकडून होतो.

थरांचा क्रम ओळखायला काही जागा हमखास उपयोगी पडतात. भोकांचे कवच उतरवले की त्याखालची नळी दिसते. बाहेरची झीज तिथे पोचलेली नसते, म्हणून नळीचा खरा थर तिथे टिकतो. दस्त्याच्या मागची पट्टी काढली की लाकूड आणि पट्टीची आतली बाजू दिसते. कवचाखालची नळी निळी आणि कवच राखाडी असेल तर दोन्हींवरचे थर वेगवेगळ्या काळचे आहेत. कवचावर भोकांच्या रांगाही मोजाव्यात: पहिल्या महायुद्धाच्या कवचावर सहा रांगा, दुसऱ्या महायुद्धात पुढे चार. नकली कवचे बाजारात भरपूर आहेत, आणि पोलिसांसाठी किंवा पहारेकऱ्यांसाठी विकल्या गेलेल्या साध्या २० इंची बंदुकीला असे कवच चढवून तिला लढाईची वीरकथा चिकटवणे हा जुना धंदा आहे.

गंजाने पडलेले बारीक खड्डेही साक्ष देतात. खड्ड्याच्या तळाशी राखाडी लेप असेल तर खड्डा आधीचा आणि लेप नंतरचा: बंदूक ओलीत गंजली, मग शस्त्रागारात गेली. लेप फोडून खड्डा पडला असेल तर क्रम उलटा, आणि दोष बहुधा तळघराचा. (ओलीबद्दल सांगायचे तर, पहिल्या महायुद्धातली कागदी काडतुसे खंदकातल्या दमट हवेत फुगत आणि चेंबरमध्ये नीट जात नसत, त्यावर उपाय म्हणून पूर्ण पितळी काडतुसे तयार झाली, पण त्या युद्धाला ती उशिराच पोचली. ज्या हवेने काडतूस फुगले त्याच हवेने नळीही गंजली, तेव्हा त्या काळच्या बंदुकीवर खड्डे दिसले तर दचकण्याचे कारण नाही.)

शिक्क्यांच्या कडा सर्वांत प्रामाणिक. ठसा मारताना धातू किंचित वर उचलला जातो आणि अक्षराची कड धारदार राहते. पॉलिशच्या चाकावर बंदूक गेली की ती धार गोल होते, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो, सपाट बाजूंचे कोपरे वितळल्यासारखे दिसतात. वाळूचा फवारा वेगळी खूण ठेवतो: अक्षरांच्या आतला भागही खरबरीत. ही दोन लक्षणे ओळखता आली की ‘शस्त्रागारातले काम’ आणि ‘हौशी माणसाचे काम’ यांत गल्लत होत नाही.

लाकडाची गोष्ट याहून नाजूक. दुसऱ्या महायुद्धातल्या विंचेस्टरच्या दस्त्यावर डाव्या बाजूला स्वीकृतीचा शिक्का असतो: एकमेकींवर आडव्या तोफा आणि शस्त्रखात्याच्या जिल्हा प्रमुखाची आद्याक्षरे. १९४२च्या मध्यापर्यंत ‘डब्ल्यूबी’, म्हणजे वाल्डेमार ब्रोबर्ग; त्यानंतर ‘जीएचडी’, म्हणजे गाय ड्र्यूरी. शिक्का लाकडात केसभरच खोल असतो. सँडपेपरचे चार हात फिरले की तो जातो, आणि एकदा गेला की कुठलेही तेल तो परत आणत नाही. पोचे वर आणायला ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवण्याची युक्ती सुतारांना ठाऊक आहे. शिक्क्यापासून दूर ती चालते. शिक्क्याजवळ वाफ त्याच्या कडा फुगवते. दस्त्यावरच्या पोच्यांना मी तर हातच लावणार नाही.

आता निर्णय. शिक्के धारदार, थर पातळ झालेला पण जागच्या जागी, तिला काही करू नये, मग ती कितीही फिकी दिसो. गंज असेल तर तो जिवंत आहे की मेलेला हे आधी बघावे. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज वाढत असतो. काळपट, घट्ट, गुळगुळीत झालेला थांबलेला असतो. जिवंत गंज पातळ तेलात भिजवून, तांब्याच्या नाण्याच्या कडेने किंवा कापडाने हलक्या हाताने काढावा. निळ्या बंदुकीचा सुटा केलेला भाग असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात उकळला की ताजा लाल गंज काळा पडतो आणि भुकटी झाडून घेता येते. जुन्या ब्लूइंगमागचे रसायन तेच असल्यामुळे आसपासच्या निळ्या थराला धक्का लागत नाही. वरून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. संग्रहालयांत वापरले जाणारे असे एक मेण १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले, आणि त्याचा मोठा गुण हा की ते नको झाले तर काढता येते.

ऑगस्टाच्या किंवा रॅरिटनच्या बंदुकीला हाच नियम. तिचा राखाडी थर कडांवर उडाला असला तरी तो सैन्याचा आहे.

मग पुन्हा फिनिश करायला काहीच हरकत नसेल असा प्रसंग आहे का? आहे. एखाद्या मालकाने १९६०-७०च्या दशकात बंदूक चाकावर घासून चकचकीत काळी केली, शिक्के निम्मे गेले, दस्ता सँडपेपरने गुळगुळीत करून वॉर्निशने माखला, किंवा नळीच कापून बदलली. अशा बंदुकीत वाचण्यासारखे फारसे उरलेले नसते. शिकारीला, नेमबाजीला किंवा घरात टांगायला ती चांगली दिसावी असे मालकाला वाटले तर मी त्याला अडवणार नाही. फक्त तिच्यावरचे बुजलेले शिक्के नव्याने ठोकू नयेत. पोलाद निळे करणे ही दुरुस्ती, ‘यू.एस.’ आणि जळत्या बॉम्बचा सैन्याचा ठसा नव्याने मारणे ही बनावट, मग हेतू कितीही निरागस असो. दहा वर्षांनी बंदूक तिसऱ्याच्या हातात जाते आणि हेतू तिच्याबरोबर जात नाही.

वापरायची असेल तर फिनिशच्या आधी यंत्राकडे बघावे लागेल. मॉडेल ९७ला घोडा बाहेर आहे आणि डिस्कनेक्टर नाही: चाप दाबून धरला आणि पंप पुढे ढकलला की काडतूस लगेच उडते. खंदकात तिचा हाच गुण मानला गेला असेल. आज झिजलेल्या यंत्रासह तो धोका आहे. घोड्याच्या खाचा, बोल्टची पकड आणि चेंबर जाणकार गनस्मिथने तपासल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये. या तपासणीला पृष्ठभाग घासण्याची गरज पडत नाही.

फिनिश करायचेच ठरले तर आधी बंदूक उघडून प्रत्येक भागाचे, प्रत्येक शिक्क्याचे, कवचाखालच्या नळीचे, मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूचे तिरप्या उजेडात फोटो काढावेत. मोजपट्टी शेजारी ठेवावी. कोणता थर कुठे होता, कोणते भाग बदलले, काम कोणी आणि कोणत्या पद्धतीने केले, कोणत्या महिन्यात, हे एका कागदावर लिहून मागच्या पट्टीखालच्या पोकळीत बंदुकीबरोबरच ठेवावे, आणि एक प्रत कुटुंबाच्या कागदपत्रांत. विंचेस्टरच्या वहीत या बंदुकीचे पान नाही. निदान या पानावर तिचा क्रमांक, तारीख आणि सही तरी असेल.